धुरपाची रेघ

कळंबवाडीच्या उत्तरेला तो बोडका डोंगर दिसतो ना, त्याला गोटेमाथा म्हणतात. वर सगळा काळा, ओबडधोबड कातळ. झाड म्हणाल तर उतारावर एखाददुसरा पळस. आणि त्या कातळाच्या मधोमध, खंडोबाच्या उघड्या ठाण्यासमोर, नदीतल्या गोट्यांचा ढीग आहे. माणूस पलीकडे उभा राहिला तर दिसणार नाही, एवढा उंच. एकेक गोटा लिंबाएवढा, कवठाएवढा, असा गुळगुळीत की हातात घेतला की खाली ठेववत नाही. वाकी नदी तर पार खाली, डोंगराला वळसा घालून गेलेली. पाण्याने घासल्याशिवाय दगडाला असं अंग येत नाही, आणि या माथ्यावर साधा ओहोळसुद्धा नाही. मग हे गोटे वर आले कसे?

नवा पाहुणा हे विचारतोच. ठाण्याचे गुरव मार्तंडबुवा त्या प्रश्नाची वाटच पाहत असतात. पाहुण्याला ढिगाच्या सावलीत बसवतात, तांब्याभर पाणी पुढे करतात. "नदीनं न्हाई आणलं हे," ते म्हणतात. "बायकांनी आणलं." आणि मग त्यांच्या आज्याने त्यांना सांगितली तशी धुरपाची हकिकत सांगू लागतात.

गोष्ट फार जुनी आहे असे सांगतात. तेव्हा राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला नीट ठाऊक नाही. दसरा उलटला की लुटारूंच्या टोळ्या मुलखात उतरत, आणि त्यांतली एक टोळी सगळ्यांत वाईट. तिच्या म्होरक्याला लोक जाळराव म्हणत. खरं नाव काही वेगळंच होतं, पण ज्या गावातून तो जाई तिथे मागे राखच उरे, म्हणून हे नाव पडलं. कुण्या सरदाराच्या पदरी तो बंदूकवाल्यांचा जमादार होता म्हणे. मालकाशी बिनसलं तशी आपली माणसं आणि त्यांच्या लांब नळ्यांच्या बंदुका घेऊन बाहेर पडला, आणि लुटीवर जगू लागला.

त्याची रीत ठरलेली. गावाच्या वेशीला तो कधी भिडायचा नाही. लांब, मोकळ्या माळावर थांबायचा. निरोप पाठवायचा : धान्य आणि गुरं बाहेर काढा. गाव नाही म्हणालं की बंदुका सरसावायच्या. गावाकडे काय असणार? तलवारी, भाले, कुऱ्हाडी. गडी शूर असायचे, हर हर करत धावून जायचे आणि त्या मोकळ्या माळावरच पडायचे. जाळरावाच्या माणसाला तलवारीच्या मुठीला हात लावायचीही गरज पडायची नाही.

धुरपा ही कळंबवाडीच्या सटवाजी पाटलांची थोरली सून. उंच, काटक, लांब हातांची. पाटलाच्या घरची असून जोंधळा निसवला की स्वतः शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून पाखरं राखायची तिला भारी हौस. तिच्या गोफणीचा सणाणा शिवारात वेगळा ओळखू यायचा. तिचा नवरा रायाजी कौतुकाने म्हणायचा, "हिच्या रानातली पाखरं पार पाडळीच्या शिवारात जाऊन दम टाकत्यात."

त्या वर्षी जाळराव त्या पाडळीवरच चालून आला. पाडळीची हाक येताच रायाजी गावातले तरणे गडी घेऊन मदतीला धावला, आणि परत आला तो घोंगडीच्या झोळीतून. त्याच्याबरोबर गेलेला धाकटा भाऊ सुभाना दंडाला गोळी चाटून, रक्ताने माखून पाटलांसमोर उभा राहिला.

"माझा ल्योक पडला कसा?" पाटलांनी विचारलं.

"दादा सगळ्यांच्या म्होरं हुता, आबा. तलवार उपसून पळत हुता. पर भिडायचं कुणाला? ती लोकं पार लांब. दादा पळतोय, पळतोय, आन् तलवारीच्या टप्प्यात कुणी येतच न्हाई."

बायकांनी हंबरडा फोडला. धुरपा मात्र नवऱ्याच्या पायाशी बसून होती, कोरड्या डोळ्यांनी. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि विचारलं, "भाऊजी, किती लांबनं मारलं त्यांनी?"

दुःखाने पोरीचं डोकं फिरलं असं सगळ्यांना वाटलं. सासू तिला पोटाशी धरायला पुढे झाली. तिने सासूचा हात धरून ठेवला आणि पुन्हा तेच विचारलं. "किती लांबनं?"

रायाजीच्या सुतकाचे दिवस अजून सरले नव्हते. तरी धुरपा सुभानाला घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेली. "तुम्ही दादा म्हणून हितं उभं ऱ्हावा," ती म्हणाली, "आन् मला सांगा, जाळराव कुठं हुता." ती मागे मागे चालत गेली. सुभाना ओरडत राहिला, "अजून! अजून मागं!" ती थांबली तेव्हा दिराचा चेहरा तिला ओळखू येत नव्हता. बंदुकीचा पल्ला एवढा! तिने कमरेची गोफण सोडली, ढेकूळ घातलं आणि जीव खाऊन भिरकावलं. ते अर्ध्या वाटेतच फुटलं.

दुसरा कुणी असता तर तिथेच बसला असता. धुरपा तशीच डोंगर चढली. माथ्याच्या कडेवरून तिने कातळाची कपची भिरकावली. कपची वाऱ्यात वाकडीतिकडी झाली, पण माळावरच्या ढेकळापेक्षा कितीतरी पुढे गेली. उंचीनं पल्ला वाढतो! मग तिला आठवलं की नदीवर धुणं धुताना ती एखादा गोटा भिरकावून बघायची आणि तो सरळ रेषेत पैलतीर गाठायचा. ती खाली पळाली, ओटीत गोटे भरून पुन्हा वर आली. गोटा कपचीच्याही पुढे पडला. घरी येऊन तिने अंबाडीचा वाख काढला, नेहमीपेक्षा लांब दोरांची गोफण वळली. लांब गोफण आधी अंगाभोवतीच गुंडाळायची, पाठीत बसायची. पण एकदा हात बसला, तसा माथ्यावरून गोटा खालच्या वाटेवरच्या खिंडीकडे असा सुटला की सुभानाने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि तो ओरडलाच, "वैनी, खिंडीच्या तोंडाशी पडला! खिंडीच्या तोंडाशी!"

धुरपाने चावडीवर जाऊन सासऱ्यांपुढे गोष्ट मांडली. पाटील विचारी माणूस. ते म्हणाले, "सूनबाई, गोफण पाखरासाठी असती. माणसापुढं, बंदुकीपुढं ती काय टिकणार?"

"मामंजी, पाखरू उडावं म्हणून आपण गोटा टाकतो. लागावा म्हणून अजून कुणी टाकलाच न्हाई. ती लोकं आपल्याला मारत्यात ती ताकदीनं न्हाई, लांबीनं. आपला हात त्यांच्यापतुर पोचत न्हाई, त्यांचा आपल्यापतुर पोचतो, एवढीच गोम हाय. ती उलटी करायची. खाली माळावर भिडायचंच न्हाई. गाव मोकळं सोडायचं, सगळ्यांनी माथ्यावर जायचं."

पाटील उठले, खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं आणि म्हणाले, "गोटं किती लागतील?"

आणि मग काय सांगावं! सगळी कळंबवाडी नदीत उतरली. बायकांनी ओट्या भरल्या, पाट्या भरल्या. बाजरीची पोती रिकामी करून त्यांत गोटे भरले, बैलांच्या पाठीवर लादले. म्हाताऱ्या मधल्या वाटेवर बसून हातातून हातात गोटे देत होत्या. पाटलीणबाई, ज्यांचा लेक नुकताच गेला होता, त्या डोक्यावर पाटी घेऊन चढत होत्या, आणि त्यांना पाहून कुणाला दमलो म्हणायची छाती होईना. दुसरीकडे घराघरांत वाख वळला जात होता. माथ्यावर दिवसभर गोफणी सणाणत होत्या, पाठी सोलवटत होत्या, हसू आणि शिव्या एकदमच ऐकू येत होत्या. गावात भीती होती ती हळूहळू कुठे गेली कळलं नाही. माथ्यावर गोट्यांचे ढीग लागले, घरातलं धान्य वर आलं, गुरं वर आली.

जाळराव आला तो चंपाषष्ठीच्या सकाळी. गाव रिकामं पाहून त्याने माथ्याकडे नजर टाकली आणि त्याला हसू आलं म्हणे. वर जायची वाट एकच, खिंडीतून चढणारी. खाली माळावर त्याने घोडे उभे केले आणि मोठ्याने हाक दिली, "पाटील, धान्य खाली टाका! न्हाईतर एकेकाला टिपून काढीन!"

पाटलांनी वरून उत्तर दिलं, "या वर. तुमचीच वाट बघतोय."

बंदुका सरसावल्या. इथे धुरपाने सगळ्यांना कातळाआड बसवलं आणि स्वतः एका काठीला जुनं पागोटं गुंडाळून ती काठी उतारावर नाचवली. धडाधड बार उडाले. धुरपा पागोट्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती माती कुठे उडते ते. पळसापर्यंत गोळ्या येत होत्या, त्याची पानं फाटत होती, साल उडत होती. पळसाच्या वर मात्र एकही ढेकूळ हललं नाही. एक गोळी तेवढी पळसाच्या थोडी वर आली ती मेल्यासारखी, फुटाणा पडावा तशी पडून गडगडली.

धुरपाने ठाण्यातल्या भंडाऱ्याची परडी उचलली. जाळरावाचे लोक पुन्हा दारू ठासत होते तेवढ्यात ती वाकून उतार उतरली आणि पळसाच्या वरच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळीधमक रेघ ओढली.

"ही रेघ बघून ठेवा!" ती ओरडली. "हिच्या वर आपण हाव तवर त्यांची गोळी आपल्याला शिवत न्हाई. हिच्या खाली कुणीबी पाय टाकायचा न्हाई. काय बी झालं तरी न्हाई! येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" माथा दणाणला. सगळे कातळाआडून उठले आणि रेघेवर येऊन उभे राहिले. बाया, बाप्ये, म्हातारे. गोफणी गरगरू लागल्या. पहिले गोटे सुटले आणि खिंडीच्या तोंडाशी, टोळीच्या अलीकडेच पडले. खालून हशा उठला. कुणीतरी लुटारू पाठ वळवून नाचला म्हणे.

धुरपाने ओठ चावला. वारा समोरचा होता, तो जाणवून तिने गोटा बदलला, जरा जड घेतला. गोफण डोक्यावर फिरू लागली, एकदा, दोनदा, आवाज चढत गेला, आणि बोटातलं टोक सुटलं. गोटा दिसेनासा झाला. क्षणभर काहीच नाही. मग जाळरावाच्या शेजारच्या घोड्याने मागचे पाय झाडले, स्वार जमिनीवर आला आणि नाचणारा जागच्या जागी थिजला.

"जड गोटं घ्या!" धुरपा गरजली. "कवठाएवढं! हाणा!"

मग पाऊसच सुरू झाला. गोट्यांचा असा पाऊस की खिंडीतला कातळ वाजू लागला. बंदुका वर वळल्या, बार निघाले, धूर झाला, आणि गोळ्या पळसाशी येऊन मेल्या. वरचा एकही माणूस पडला नाही. जाळरावाला आधी कळेचना काय होतंय. आयुष्यभर तो ज्या अंतराच्या आड निर्धास्त उभा राहिला होता, ते अंतरच आज त्याच्यावर उलटलं होतं. "वर चढा! जवळ जा!" तो ओरडला. त्याची माणसं चढू लागली. पण बंदूक घेऊन चढ चढायचा, थांबायचं, दारू ठासायची, बार पेटवायचा दोरीचा तोडा फुंकायचा, आणि तेवढा सगळा वेळ अंगावर गोटे. एकाचा हात मोडला, दुसऱ्याची बंदूक हातातून उडाली, तिसरा पाठ फिरवून पळाला, आणि त्याच्या मागोमाग सगळेच.

ते पळताना पाहून सुभानाचं रक्त उसळलं. भावाची तलवार उपसून त्याने आरोळी ठोकली आणि रेघ ओलांडून खाली झेप घेतली.

"भाऊजी!"

बार उडाला. सुभाना पळसाच्या खाली कोसळला. मांडीतून रक्ताची धार लागली. रेघेवरचे गडी त्याला आणायला पुढे सरसावले, तशी धुरपा हात पसरून आडवी झाली. "कुणी जायचं न्हाई! एकाच्या पायी धा जातील! त्या तीन बंदुका दिसत्यात ना, करवंदीच्या आड? सगळ्यांनी तिथंच हाणा! थांबायचं न्हाई!"

सगळ्या गोफणी एका जागी वळल्या. करवंदीचं जाळं थरथरू लागलं, आडच्यांना मान वर काढता येईना. धुरपा गोफण फिरवता फिरवता ओरडत होती, "सरपटत या, भाऊजी! मान खाली! या, अजून थोडं, या!" सुभाना कोपरांवर रांगत, मागे रक्ताची वाट सोडत आला. रेघेच्या आत त्याचा हात पडताच पाटलांनी त्याला बगलेत धरून ओढून घेतलं. तो जगला, पण पुढे जन्मभर लंगडत चालला.

खिंडीतून माळाकडे परतायची वाट गोट्यांनी झोडपली जात होती; आता टोळीला पळायला एकच वाट होती, नदीकडची घळ. ती घळ पुढे कड्याने बंद झालेली, हे परक्यांना कुठून ठाऊक? करवंदीआडचे सोडून सगळे तिच्यात शिरले आणि अडकले. घोडे एकमेकांवर पडू लागले. वरून घळ पूर्ण गोफणीच्या माऱ्यात होती, आणि घळीतून माथ्यावर गोळी पोचायची काही सोय नव्हती.

माथ्यावर जल्लोष उसळला. लोक नाचत होते, येळकोट करत होते, गोटे मारत होते. प्रत्येक नेमाला टाळ्या पडत होत्या. "तो बघ पडला! तो हिरव्या पागोट्याचा माझा!" हुरड्याच्या दिवसांत पाखरांना मारताना जशी चढाओढ लागते तशी लागली. धुरपाही मारत होती. तिचा हात भरून आला होता, आणि छातीत असं काही उसळत होतं की तिला थांबावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात तिला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं असे सांगतात.

तिने नवा गोटा गोफणीत घातला आणि नेमासाठी खाली पाहिलं. घळीत मेलेल्या घोड्यामागे एक माणूस उभा होता. बंदूक कुठेतरी पडली असावी. त्याने तलवार उपसली होती आणि तो ती हवेत फिरवत होता, इकडे वळत होता, तिकडे वळत होता. समोर भिडायला कुणीच नव्हतं. भोवती नुसते दगड पडत होते. त्याच्या मागे दोघेतिघे गवताची काडी दातात धरून, हात जोडून गुडघ्यांवर बसले होते, आणि त्यांच्यावरही गोटे पडतच होते.

धुरपाला तिथे रायाजी दिसला.

तिची गोफण हातातच थांबली. "थांबा!" ती ओरडली. कुणी ऐकलं नाही. तिने शेजारणीचा हात धरला, तिने तो हिसडला. "थांबा, शरण आलीत ती!" आरोळ्यांत तिचा आवाज विरून गेला. पाटीलसुद्धा थांबेनात. लेकाचा बाप तो, त्याला कोण अडवणार?

तेव्हा धुरपाने रेघ ओलांडली. तिनेच घातलेली रेघ. ती पळसाच्या खाली उतरली, जिथे गोळी पोचत होती तिथे जाऊन उभी राहिली, आणि खालच्या बंदुकांकडे पाठ करून आपल्याच गावाकडे तोंड केलं. दोन्ही हात वर केले. आता गोटा मारायचा तर तो तिच्या डोक्यावरून जाणार होता, आणि नेम चुकला तर तिच्या कपाळात बसणार होता.

"मारा की!" ती म्हणाली. "आधी मला मारा!"

एकेक गोफण खाली आली. माथ्यावर चिडीचूप झालं. खालून मात्र, करवंदीआड दबून राहिलेल्या जाळरावाच्या हातात भरलेली बंदूक होती आणि समोर धुरपाची पाठ. त्याने नळी वर उचलली. इथे दोन तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतात, तोडा विझला होता म्हणून बार उडाला नाही. मार्तंडबुवांचा आजा म्हणायचा, तोडा चांगला धुमसत होता. पण जाळरावाने नळी हळूहळू खाली केली, बंदूक जमिनीवर ठेवली आणि मग वाकून गवताची काडी उपटली. बुवांना विचाराल तर ते आज्याचंच खरं धरतात.

धुरपा वळली तेव्हा तो काडी दातात धरून उभा होता. तिने त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. नवऱ्याचा मारेकरी तो. गोफण अजून तिच्या बोटात होती, गोटा तिच्यात होता. शेवटी तिने तो गोटा काढून पायाशी टाकला.

"बंदुका नदीच्या डोहात टाकायच्या," ती म्हणाली, "आन् पायी जायचं. तुमची जखमी माणसं आमच्याकडं ऱ्हातील, बरी झाली की येतील." पाटलांनी मान हलवली. मग ते सुनेजवळ आले, आणि लेकासाठी त्यांचे डोळे तेव्हा कुठे भरून आले.

जाळराव पुन्हा कुठल्या गावावर चालून गेल्याचं कुणी ऐकलं नाही. तो कुठे गेला, कसा मेला, हेही कुणी सांगत नाही. जखमी मात्र पुष्कळ दिवस कळंबवाडीत राहिले. ज्या बायकांनी त्यांची हाडं मोडली, त्यांनीच ती बांधली. त्या माथ्यावर गावाने खंडोबापुढे शपथ घेतली, की गोटे इथे कधी कमी पडू द्यायचे नाहीत, आणि हात वर करणाऱ्यावर इथून एकही सोडायचा नाही.

आजही चंपाषष्ठीला कळंबवाडीच्या प्रत्येक घरातली बाई नदीतला एक गोटा ओटीत घालून गोटेमाथ्यावर चढते. पळसाच्या वर भंडाऱ्याची रेघ ओढली जाते, सगळे रेघेवर गोफणी फिरवत उभे राहतात, येळकोटाने डोंगर दणाणतो. मग त्या वर्षी गावात आलेली सर्वांत नवी सून रेघ ओलांडून खाली जाते, दरीकडे पाठ करून उभी राहते आणि हात वर करते. त्या क्षणी सगळा माथा गप्प होतो. गोटे जिथल्या तिथे खाली पडतात, आणि तेच नंतर ढिगावर जातात.

त्याच वेळी नदीपलीकडच्या वाटेने काही माणसं दरवर्षी चढून येतात, बायकापोरांसकट, हातात गवताची एकेक काडी घेऊन, आणि त्या सुनेच्या मागे मुकाट उभी राहतात. पंगत बसते तेव्हा भरीत-रोडग्याचं पहिलं पान त्यांना वाढलं जातं. त्यांना त्यांचं गाव कुणी विचारत नाही.